पार्सल आलं, जमीन अजून दगड: बेअर-रूट गुलाब लावेपर्यंत जगवायचे कसे?

सोनटक्का | २६ मार्च, रात्री ९.४०

जानेवारीत बाहेर उणे वीस असताना माणूस घरात बसून काय करतो? गुलाबांचे कॅटलॉग बघतो. मीही बघितले आणि तीन झाडं मागवून बसले. 'डबल डिलाइट' (पुण्याला आईच्या गच्चीत होता, वास अजून नाकात आहे), 'मिस्टर लिंकन' (नवऱ्याची फर्माईश, त्याला लालच हवा) आणि 'कझानलिक', हा दमास्क गुलाब, गुलकंदाच्या आशेने. तिन्ही बेअर-रूट. म्हणजे कुंडी नाही, माती नाही, नुसतं खोड आणि उघडी मुळं.

आम्ही मिनिआपोलिसच्या (अमेरिका, मिनेसोटा राज्य) दक्षिणेला राहतो. पार्सल एप्रिलच्या मध्यावर येणार होतं. आज संध्याकाळी घरी आले तर खोकं दारात! सकाळी १९ फॅरनहाइट होतं, दिवसभर पोर्चवर पडून होतं बिचारं. उद्या-परवा रात्री १२ सांगितलंय (सेल्सिअसवाल्यांसाठी: उणे ११). मागच्या अंगणात कुदळ मारून बघितली, तर फरशीवर मारल्यासारखी ठण्ण वाजली आणि मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या.

नवरा म्हणतो, गारठलेत, फर्नेसच्या (घर तापवणाऱ्या भट्टीच्या) खोलीत ठेवू. मला वाटतं गॅरेजमध्ये. तूर्तास खोकं स्वयंपाकघरात आहे, न उघडलेलं, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलोय. लावायला किमान तीन आठवडे आहेत. काय करू?

रविवारचा_माळी | २६ मार्च, रात्री ९.५८

आधी ते खोकं स्वयंपाकघरातून बाहेर काढा. हा प्रतिसाद वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

काढलंत? आता सांगतो. तुमच्या खोक्यात जे आहे ते झोपलेलं झाड आहे. शेतातून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उपटतात, मुळांची माती धुतात आणि गोठणबिंदूच्या जेमतेम वर, दमट शीतगृहात महिनोन्‌महिने ठेवतात. म्हणजे थंडीची त्याला सवय आहे. त्याचे खरे शत्रू दोन: ऊब आणि कोरडेपणा. उबेत ठेवलंत की त्याला वाटतं वसंत आला. खोडात साठवलेलं अन्न खर्चून ते पालवी काढतं, आणि पाणी ओढायला मुळांना माती नसते. मग झाड स्वतःलाच खाऊन संपतं.

थंडी अजिबात बाधत नाही असं मात्र नाही. फांद्या बऱ्यापैकी सोसतात, मुळं सोसत नाहीत. जमिनीत असताना त्यांच्यावर मातीचं पांघरूण असतं, म्हणून निसर्गाने त्यांना फांद्यांइतकं काटक केलेलंच नाही. उणे ११ मध्ये उघडी मुळं तासाभरात कामातून जातील.

तेव्हा तुम्हाला हवी ती जागा ३४ ते ४० फॅरनहाइटची (१ ते ४ सेल्सिअस), अंधारी आणि ओलसर. अशी जागा घरात शोधा, मग बोलू.

(मिलवॉकीहून. आमच्याकडे तुमच्यापेक्षा जेमतेम आठवडाभर आधी वसंत येतो.)

कोपऱ्यातली_कुंडी | २६ मार्च, रात्री १०.१५

मुळांना माती नाही?? आमच्या पुण्यात नर्सरीवाल्याने असं झाड हातात ठेवलं तर त्याच्याशी भांडण होईल. काळी पिशवी, त्यात लाल मातीचा हुंडा, वर दोन कळ्या. फुल पैसे देऊन काटक्या कोण घेतं?

रविवारचा_माळी | २६ मार्च, रात्री १०.२३

@कोपऱ्यातली_कुंडी, माती नाही म्हणून वजन नाही, वजन नाही म्हणून पोस्टाने हजार मैल पाठवता येतं, आणि मातीबरोबर येणारे रोग-किडेही येत नाहीत. शिवाय निवड भरपूर. इथल्या दुकानात कुंडीतले दहा प्रकार मिळतात, कॅटलॉगात दोनशे. पुण्यात गुलाब असा गाढ झोपतच नाही, म्हणून हा प्रकार तुमच्याकडे बघायला मिळत नाही.

सोनटक्का | २६ मार्च, रात्री ११.०५

गॅरेजमध्ये नेऊन उघडलं. (कोट घालून. नवरा टॉर्च धरून.)

आत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात ओल्या कागदाच्या लगद्यात गुंडाळलेली मुळं. 'डबल डिलाइट'च्या चार फांद्या, अंगठ्याएवढ्या जाड, हिरव्या, टोकांना मेण लावलेलं. 'मिस्टर लिंकन'च्या तीन, एकीचं टोक काळं. खोडाच्या तळाशी मुठीएवढी गाठ आहे, तोच कलमाचा जोड ना? 'कझानलिक'ला गाठ नाही, बारीक काटेरी काड्यांचा जुडगा आहे नुसता, उदबत्त्यांच्या पुड्यासारखा. त्याच्या बाजूचा लगदा कडक लागला, दाबल्यावर बर्फ चुरचुरल्यासारखा आवाज आला. गेला का हो?

खुरपं | २७ मार्च, सकाळी ६.५०

घाई नको. लगदा गोठला म्हणजे मूळ गोठलंच असं नाही. तसंच गुंडाळलेलं राहू दे, गॅरेजमध्येच सावकाश सुटू दे. एक-दोन दिवस लागतील. कोमट पाण्यात बिलकूल बुडवू नकोस. मी टोरांटोत पहिल्या वर्षी ते केलं होतं. गोठलेल्या पेशी झटक्यात विरघळल्या की फाटतात, मुळांचा गुळगुळीत चिखल होतो. वास अजून आठवतो, नासलेल्या बटाट्यासारखा.

गोठ सुटल्यावर मूळ वाकवून बघ. लवचिक आणि आतून पांढरं-पिवळट असेल तर ठीक. काळं, मऊ, साल निसटत असेल तर तेवढं कापून टाक.

'कझानलिक'ला गाठ नाही कारण तो स्वतःच्या मुळांवर वाढवलेला आहे. दमास्क चिवट असतात. मला त्याची काळजी सगळ्यात कमी वाटते.

चहाबाज | २७ मार्च, सकाळी ७.३०

फ्रिजमध्ये का नाही? ३७ फॅरनहाइट असतो, अंधार असतो. भाजीचा खण रिकामा केला की झालं.

खुरपं | २७ मार्च, सकाळी ७.४४

चालतो, पण एक अट. त्या फ्रिजमध्ये फळ नको. सफरचंद, नासपती, केळी, टोमॅटो यांच्यातून इथिलीन वायू निघतो, त्याने फांदीवरचे झोपलेले डोळे (जिथून कोंब फुटतात ते) मरतात. मी दुसऱ्या वर्षी शहाणी होऊन दोन गुलाब खालच्या खणात ठेवले आणि सासऱ्यांनी वरच्या खणात सफरचंदांची पाच किलोची पिशवी ठेवली. मे महिन्यात दोन्ही फांद्या हिरव्यागार, पण डोळा एकही फुटला नाही. जुलैपर्यंत पाणी घालत होते मी.

आणि फ्रिज आतली हवा कोरडी करतो. पिशवी बंद हवी, दर तीन-चार दिवसांनी उघडून ओल बघायला हवी. दहा-बारा दिवसांसाठी फ्रिज उत्तम. तीन आठवडे म्हटलं तर मी टबच वापरीन.

सोनटक्का | २७ मार्च, दुपारी १२.१०

आमच्या फ्रिजमध्ये फळ नसलेला दिवस उजाडत नाही. टबचं सांगा.

रविवारचा_माळी | २७ मार्च, दुपारी १२.४८

याला इथे 'हीलिंग इन' म्हणतात. झाड लावायचं नाही, तात्पुरतं पुरून ठेवायचं. जमीन मऊ असती तर सावलीत उत्तरेच्या भिंतीला चर खणून त्यात झाडं तिरकी निजवली असती आणि मुळांसकट अर्ध्या फांद्यांवर माती लोटली असती. तिरकी अशासाठी, की वारा कमी लागतो आणि नंतर काढताना मुळं तुटत नाहीत. तुमची जमीन दगड आहे, म्हणून तोच चर गॅरेजमध्ये करायचा.

मोठा प्लास्टिकचा टब घ्या, तळाला भोकं पाडा. ओलं कोकोपीट किंवा कुंडीची माती. ओलं म्हणजे मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. ठिबकलं तर मुळं कुजतील. गोठ सुटली की मुळं बादलीत रात्रभर भिजवा, चोवीस तासांवर नाही, पाण्यात त्यांनाही श्वास कोंडतो. मग टबात आडवी-तिरकी निजवा आणि मुळं, गाठ, खालची अर्धी फांदी झाकून हाताने दाबा. पोकळी राहिली की तिथलं मूळ वाळलंच म्हणून समजा. वर ओलं गोणपाट.

खत अजिबात नाही. झोपलेल्या माणसाला कोणी जेवायला वाढतं का?

गॅरेजगुरू | २७ मार्च, संध्याकाळी ६.२०

गॅरेज म्हणजे किती अंश, हे कोणी विचारलंच नाही. घराला चिकटलेलं, हीटर नसलेलं गॅरेज बाहेरपेक्षा थोडं उबदार असतं, पण दाराजवळ आणि घराच्या भिंतीजवळ दहा अंशांचा फरक पडतो. किमान-कमाल दाखवणारा साधा थर्मामीटर आणा आणि टबाच्या उंचीवर ठेवा, डोळ्याच्या उंचीवर नको. थंडी तळाशी साचते. टब काँक्रीटवर थेट नको, खाली थर्माकोल किंवा लाकडी फळी.

दुसरं, टबाशेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवा. हसू नका. पाणी गोठताना उष्णता सोडतं, ग्रॅमला ८० कॅलरी. वीस लिटरची बादली पूर्ण गोठेपर्यंत जवळजवळ १.८६ युनिट उष्णता देते, म्हणजे १५०० वॉटचा हीटर सव्वा तास चालवल्यासारखं. आणि ती नेमकी ३२ अंशांवर देते, म्हणजे झाड जागं होईल इतकी ऊब कधीच होत नाही. तळघरातले बटाटे गोठू नयेत म्हणून जुने लोक शेजारी पाण्याचे टब ठेवायचे, ते याच हिशेबाने.

द्राक्षबाग | २८ मार्च, सकाळी ८.०५

गॅरेजगुरू, हा हिशेब आम्हाला निफाडला शाळेत नाही, बागेत शिकवतात. आमच्याकडे पारा चार-पाचवर आला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि त्या रात्री कोणी झोपत नाही. पहाटे ड्रिप सोडायचं, ओळींमधून शेकोट्या करायच्या. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरड्या भुसभुशीत मातीत तेवढी ऊब मावतच नाही. मणी फुगायच्या वेळी थंडी पडली तर फुगवण थांबते, पिंक बेरी होते (मणी गुलाबी पडतात), वर्ष वाया जातं.

तुमच्या उणे ११ पुढे आमचे अधिक ४ म्हणजे उन्हाळाच, पण थंडीची चाल तीच. सोनटक्काताई, गुलाब बाहेर लावल्यावर हे कामाला येईल. थंडी पडायच्या आदल्या दुपारी आळं भरून पाणी द्या. लोक उलटं करतात, थंडीत पाणी बंद करतात.

लीड्सकर | २८ मार्च, दुपारी २.३०

इंग्लंडातून. आमच्याकडे बेअर-रूटचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. जमीन गोठलेली नसेल आणि पाण्याने तुंबलेली नसेल तर ऐन डिसेंबरातही लावतो, वसंताची वाट बघत नाही. मुळं आधीच मातीला रुळतात.

माझा एक नेम आहे. ज्या जागी गुलाब लावायचा ती जागा शरद ऋतूतच हातभर गवताने झाकून वर ताडपत्री टाकून ठेवतो. खालची माती शेवटपर्यंत मऊ राहते. आणि मातीच्या दोन पिशव्या शेडमध्ये कोरड्यात. खड्डा खणला की आजूबाजूची माती ओल्या सिमेंटसारखी असते, तेव्हा ही पिशवी देवासारखी वाटते.

रविवारचा_माळी | २८ मार्च, संध्याकाळी ५.१२

लीड्सकर, तुमचं तुमच्या जागी बरोबर. तुमची थंडी म्हणजे ओला रुमाल, आमची म्हणजे हातोडा. मिनेसोटात डिसेंबरात लावलेला नवा गुलाब फेब्रुवारीत काढून चुलीत घालता येईल.

पण मातीच्या पिशवीला शंभर टक्के अनुमोदन. सोनटक्का, आजच दोन पिशव्या आणून गॅरेजात ठेवा. लागवडीनंतर ढीग घालायला लागतील.

चहाबाज | २८ मार्च, संध्याकाळी ५.४०

झोनबद्दल विचारायचं होतं. अमेरिकी कृषी खात्याच्या २०२३ च्या नव्या झोन-नकाशात मिनिआपोलिस ४बी मधून ५ए मध्ये गेलं ना? मग लवकर लावायला हरकत नसावी.

रविवारचा_माळी | २८ मार्च, संध्याकाळी ६.०३

ही गल्लत फार जण करतात. झोन म्हणजे वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीची सरासरी. हिवाळ्यात झाड मरेल की जगेल ते त्यावरून कळतं. वसंतातला शेवटचा फ्रॉस्ट (रात्री हिम धरणं) कधी, हे त्या नकाशात नाहीच. त्यासाठी तुमच्या गावाच्या शेवटच्या फ्रॉस्टची सरासरी तारीख बघायची. तुमच्याकडे ती मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. अर्थात झोपलेला बेअर-रूट त्याआधी दोन-तीन आठवडे लावता येतो, जमीन मऊ झाली की झालं. पानं फुटलेला कुंडीतला गुलाब तसा लावता येत नाही. बेअर-रूटचा खरा फायदा हाच, म्हणून तो झोपलेला राहिला पाहिजे असं मी सारखं कोकलतोय.

सोनटक्का | २९ मार्च, रात्री ८.५५

सगळं केलं. 'कझानलिक'ची मुळं सुटली, दोन टोकं काळी निघाली, कापली, बाकी हाताला वेतासारखी लवचिक. तिघांना रात्रभर बादलीत ठेवलं, आज टबात निजवलं. थर्मामीटर लावला: रात्रीचं किमान ३३, कमाल ४१ फॅरनहाइट. बादलीवर पापुद्र्याएवढा बर्फ होता. गॅरेजगुरूंना नमस्कार.

नवऱ्याने टबावर जुनं गोणपाट घालून वर थोपटलं. म्हणाला, अंगाई म्हणू का?

सोनटक्का | १० एप्रिल, रात्री ११.२०

घोळ झाला.

चार तारखेला मी कामासाठी ऑस्टिनला गेले, आज परत आले. मध्ये दोन रात्री पुन्हा १६ पर्यंत खाली गेलं. नवऱ्याने थर्मामीटरवर ३० बघितलं, घाबरला, आणि टब उचलून फर्नेसच्या खोलीत ठेवला. "दोनच दिवसांसाठी." मग विसरला. सहा दिवस, ६८ अंश, काळोख.

गोणपाट उचललं तर खालून पांढरे-पिवळे कोंब, बोटभर लांब, मोड आलेल्या मटकीसारखे. 'मिस्टर लिंकन'च्या काळ्या टोकाला पांढरी बुरशी. माणूस तिकडे चेहरा पाडून बसलाय, त्याला काही बोलवतही नाही. आता?

खुरपं | ११ एप्रिल, सकाळी ६.३५

अगं, काळजीपोटीच केलं त्याने. माझ्या घरातली सफरचंदं आठव.

टब लगेच परत गॅरेजमध्ये, पण आता दिवसा दार उघडून किंवा खिडकीजवळ, उजेड मिळेल असा. थेट ऊन नको. हे कोंब काळोखात वाढलेत, कातडी नाही त्यांना, पहिल्या उन्हात करपतील. रात्री आत. आणि आता ३० सुद्धा चालणार नाही. झोपलेला डोळा सोसतो, फुटलेला कोंब सोसत नाही.

बुरशीची फांदी खाली हिरव्या भागापर्यंत काप, कात्री स्पिरिटने पुसून.

रविवारचा_माळी | ११ एप्रिल, सकाळी ८.१०

कोंबांबद्दल माझं मत वेगळं. पांढरे कोंब ठेवण्यात अर्थ नाही, बोटभर झाले की वाऱ्याने मोडतातच. आत्ताच अंगठ्याने मोडून टाका. प्रत्येक डोळ्याच्या शेजारी राखीव डोळे असतात, ते फुटतात.

खुरपं | ११ एप्रिल, सकाळी ८.२६

राखीव फुटतात, पण कशाच्या बळावर? सहा दिवस झाडाने साठा खर्च केलाय. सगळे मोडलेस की त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात. मी म्हणते लांबट तेवढे मोड, बुटके ठेव.

लीड्सकर | ११ एप्रिल, दुपारी १.००

तीन झाडं आहेत. एकाचे मोडा, एकाचे ठेवा, एकाचे अर्धे. पुढच्या वर्षी भांडायला पुरावा मिळेल.

सोनटक्का | १२ एप्रिल, रात्री ९.००

लीड्सकरांचं ऐकलं. 'लिंकन'चे सगळे मोडले (तसेही बुरशीने अर्धे गेले होते), 'डबल डिलाइट'चे लांब तेवढे मोडले, 'कझानलिक'चे ठेवले. उजेडात ठेवल्यावर दुसऱ्याच दिवशी कोंबांच्या टोकांवर तांबूस रंग चढला.

सोनटक्का | १९ एप्रिल, दुपारी ३.३०

जमीन सुटली! मूठभर माती दाबली, बोटाने टोचल्यावर गोळा फुटला, पाणी नाही आलं. आज लावते. एकच शंका: कलमाची गाठ मातीच्या वर की खाली? कंपनीच्या कागदावर "दोन ते तीन इंच खाली" आहे, आणि आई फोनवर ओरडतेय की गाठ पुरलीस तर झाड कुजेल.

कोपऱ्यातली_कुंडी | १९ एप्रिल, दुपारी ३.४१

आईंचं बरोबर आहे! गाठ मातीच्या वरच. पुरली तर पावसाळ्यात ओल धरते आणि खालून गावठी फुटवे येतात. पन्नास वर्षं आम्ही हेच करतोय.

रविवारचा_माळी | १९ एप्रिल, दुपारी ३.५५

आई पुण्यासाठी बरोबर, कागद मिनेसोटासाठी बरोबर. गाठ हा कलमी गुलाबाचा सगळ्यात नाजूक भाग. उणे तिशीत ती मातीच्या वर राहिली तर वरचं सगळं मरतं आणि खालचा जंगली खुंट (ज्यावर कलम केलेलं असतं तो) तेवढा जगतो. दोन-तीन इंच खाली गेली की माती तिला राखते. गावठी फुटवे येतील तेव्हा काढायचे, ती किंमत आहे.

लावल्यावर मातीचा ढीग विसरू नका. आळं भरून पाणी द्या, मुरलं की फांद्यांवर आठ-दहा इंच माती किंवा कंपोस्ट चढवा, वर नुसती टोकं दिसली पाहिजेत. वारूळ दिसेल, दिसू दे. फ्रॉस्टपेक्षाही वारा फांद्या वाळवतो, त्यापासून हे वाचवतं. नवे कोंब इंचभर वर आले की ढगाळ दिवशी हळूहळू उतरवा. हाताने खरवडू नका, कोंब मोडतात. नळीच्या बारीक धारेने धुऊन काढा.

सोनटक्का | १९ एप्रिल, रात्री ८.१५

लावले. तीन वारुळं. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, कोण वारलं?

सोनटक्का | २ मे, दुपारी ४.२०

आज रात्री २९ फॅरनहाइट सांगताहेत. 'कझानलिक' आणि 'डबल डिलाइट'चे कोंब ढिगाबाहेर आलेत, हिरवेगार, दोन-दोन इंच. परत माती चढवू?

गॅरेजगुरू | २ मे, दुपारी ४.३४

कोंब पुरू नका, झाका. आकाश निरभ्र आणि वारा नाही, बरोबर? अशा रात्री जमीन आपली उष्णता थेट आकाशाला देऊन टाकते आणि जमिनीलगतची हवा थर्मामीटरपेक्षा चार-पाच अंश थंड होते. महाबळेश्वरला दरवर्षी बातमी येते, वेण्णा तलावापाशी जीपच्या टपावर हिम साठलं, आणि गावातल्या केंद्रात मात्र पारा शून्याच्या बराच वर. तेच हे.

म्हणून सूर्य मावळायच्या आधी झाका, म्हणजे जमिनीची ऊब आत अडकेल. अंधार पडल्यावर झाकलं तर ऊब निघून गेलेली असते. कापड जमिनीपर्यंत आलं पाहिजे, कडांना दगड. प्लास्टिक नको. ते पानाला टेकलं की टेकलेल्या जागी पान गोठतं.

द्राक्षबाग | २ मे, दुपारी ४.५०

आणि आत्ता पाणी द्या. मार्चमध्ये सांगितलं होतं.

सोनटक्का | २ मे, संध्याकाळी ७.१०

पाणी दिलं. टोमॅटोचे तारेचे पिंजरे उलटे ठेवले आणि वर आईने दिलेली जुनी सुती इरकल दुहेरी करून पांघरली. दोन गुलाब तिच्या पदराखाली, 'लिंकन'ला नवऱ्याचा पंचा. आजोबा पुन्हा कुंपणाशी. यावेळी काही बोलले नाहीत, घरातून चार विटा आणून दिल्या.

सोनटक्का | ३ मे, सकाळी ७.२०

गवत पांढरं, पावलाखाली करकरतंय. गाडीच्या काचेवर जाड थर. इरकल बाहेरून पापडासारखी ताठ, तिच्याखाली हात घातला तर माती चक्क कोमट वाटली. दोन्ही गुलाबांना काही झालेलं नाही.

सोनटक्का | ८ जून, रात्री ९.३०

उशिरा खबर देतेय. 'कझानलिक' गुडघ्याएवढा. 'डबल डिलाइट'ला दोन कळ्या, एक उद्या-परवा उमलेल. 'लिंकन'ने मेअखेरपर्यंत वाट बघायला लावली, मग एकदम खालून जोमदार कोंब आला, दोन आठवड्यांत हातभर. नवरा खूश होता. पण पानं वेगळी वाटतात, फिकट, बारीक, एका देठाला सात-सात.

खुरपं | ८ जून, रात्री ९.४८

पर्णिका सात आहेत यावरून नक्की सांगता येत नाही. पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना हिरवी पट्टी असते ती बघ. तिला झालरीसारखी, पिंजलेली कड आहे का?

सोनटक्का | ८ जून, रात्री ९.५५

टॉर्च घेऊन बघून आले. आहे. बारीक केसांसारखी झालर.

रविवारचा_माळी | ८ जून, रात्री १०.०२

मग तो 'रोझा मल्टिफ्लोरा', म्हणजे खुंट. 'मिस्टर लिंकन' वरून गेला. वाढू देऊ नका, पांढऱ्या बारीक फुलांचं रान माजतं, बऱ्याच राज्यांत तो उपद्रवी तणांच्या यादीत आहे. मुळासकट काढा.

खुंट 'डॉक्टर ह्यूई' असता तर नवऱ्याला निदान लाल गुलाब तरी मिळाला असता. त्याची फुलं गडद लाल असतात.

लीड्सकर | ८ जून, रात्री १०.१०

म्हणजे कोंब मोडलेला गेला, अर्धे मोडलेला जगला, न मोडलेला सगळ्यात पुढे. खुरपं १, माळी ०.

रविवारचा_माळी | ८ जून, रात्री १०.१४

बुरशी लागलेल्या झाडाचा निकाल माझ्या नावावर टाकू नका. एक झाड म्हणजे पुरावा नव्हे. आणि 'कझानलिक'ला कोंब मोडले काय आणि ठेवले काय, तो कशानेही मरत नाही.

सोनटक्का | ८ जून, रात्री १०.३०

नवऱ्याला सांगितलं. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, पुढच्या वर्षी परत 'लिंकन'च मागव, टब मी फर्नेसच्या खोलीत नेणार नाही. मग गॅरेजमध्ये जाऊन थर्मामीटरखाली मार्करने लिहून आला: "३० चालतं. हात लावू नये."

चहाबाज | ९ जून, सकाळी ७.१५

आणि गुलकंद?

खुरपं | ९ जून, सकाळी ७.२२

'कझानलिक' वर्षातून एकदाच फुलतो, तोही मागच्या वर्षीच्या फांदीवर. या वर्षीच्या फांद्या हिवाळ्यातून वाचल्या तर पुढच्या जूनमध्ये विचारा. ऑक्टोबरात त्या कशा झाकायच्या त्याचा वेगळा धागा काढू, 'मिनेसोटा टिप'सकट, म्हणजे झाड मुळाशी एका बाजूने सैल करून चरात आडवं पाडायचं आणि अख्खं मातीखाली. सोनटक्का, आजोबांना आधीच सांगून ठेव.